एकोणिसाव्या वळणावरच्या तीन शिट्ट्या

विषय : भोरमाथा डोंगरी रेल्वेची गाडी एकोणिसाव्या वळणावर, तेथे स्थानक नसताना, थांबते त्याबाबत.

संदर्भ : प्रवाशांनी खिडकीतून डोके काढून वेळोवेळी विचारलेले प्रश्न.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, गाडी थांबते ही गोष्ट खरी आहे.

कळमशेतहून सुटलेली गाडी आठ मैलांचा घाट चढून भोरमाथ्याला पोचते. दोन रुळांमधले अंतर दोन फूट. इंजिन इतके लहान की पहिल्यांदा पाहणारा माणूस खरे इंजिन मागून येत असेल असे समजून वाट पाहत राहतो. डबे सहा, सागवानी. दर वर्षी त्यांना मूळचा रंग दिला जातो. मूळचा रंग पाहिलेला कोणी आता जिवंत नाही, त्यामुळे तो निरनिराळ्या वर्षी निरनिराळा असतो. दर दोन डब्यांच्या मधल्या जागेत एक लोखंडी बैठक आहे आणि बैठकीसमोर ब्रेकचे चाक. त्या बैठकीवर ब्रेकवाला बसतो. एकट्या इंजिनाच्या ब्रेकला ही गाडी घाटात जुमानत नाही. म्हणून ड्रायव्हरने शिट्टी वाजवायची आणि ब्रेकवाल्यांनी हातांनी चाके फिरवायची, अशी पद्धत पहिल्या दिवसापासून आहे. एक लांब शिट्टी म्हणजे आवळा. तीन आखूड म्हणजे सोडा.

एकोणिसाव्या वळणाला एका बाजूस काळा कडा आहे आणि दुसऱ्या बाजूस काहीही नाही. तेथे गाडी थांबते. ब्रेकवाले चाकांवरचे हात काढून दोन्ही तळवे उघडे धरतात. ड्रायव्हर तीन आखूड शिट्ट्या देतो आणि गाडी पुढे निघते. वेळापत्रकात याला 'तांत्रिक थांबा, दोन मिनिटे' म्हटले आहे. घाटातली माणसे त्या जागेला 'हातसोड' म्हणतात. प्रवाशांना हा थांबा फोटोसाठी दिलेला आहे असे वाटते आणि ते फोटो काढतात.

या थांब्याचे कारण घाटातली माणसे सांगतात ते पुढीलप्रमाणे.

गोष्ट साहेबाच्या राज्यातली. साल कोणाला सांगता येत नाही. उस्मान ड्रायव्हरच्या वेळची, एवढेच म्हणतात. त्या काळी साहेब लोक उन्हाळा काढायला भोरमाथ्याला जात. वैशाखात माथ्यावरचे पाणी आटे, आणि ते जात नेमके वैशाखात. यावर रेल्वेने उपाय काढला. चार चाकांची एक वाघीण, म्हणजे मालाचा उघडा डबा, घेऊन तिच्यावर लोखंडी टाकी बसवली आणि ती रोजच्या गाडीला शेवटी जोडून खालचे पाणी वर न्यायला सुरुवात केली. टाकीच्या तोटीला शिशाचे सील असे. वाघिणीच्या वीस पावलांच्या आत रेल्वेचा नोकर नसलेला कोणी दिसला तर तो पाणीचोर समजावा, असा हुकूम होता. घाटातल्या वाड्यांमधल्या बायका आधी गळणारे थेंब धरायला मडकी घेऊन रुळाच्या कडेने चालत. त्यांतल्या दोघींना काठ्यांनी फोडून काढल्यावर बाकीच्यांना वीस पावले डोळ्यांनी मोजता यायला लागली.

या वाघिणीच्या ब्रेकवर लखू आगिवले बसे. तो ठाकर, पंधरा वर्षांचा नोकर. चाक आवळल्यावर ते उलटे फिरू नये म्हणून ब्रेकला एक खटका असतो. वाघिणीचा खटका झिजून गेला होता. लखूने तसे तीनदा सांगितले होते आणि तिन्ही वेळा 'तपासून पाहावे' असा शेरा मिळाला होता. मधल्या काळात खटक्याचे काम लखूचे मनगट करी.

घाटात आणखी एक नियम होता. कळमशेत ते भोरमाथा या सबंध मार्गासाठी एकच लोखंडी गोळा होता. कातडी पिशवीत घातलेला, वर मोठी कडी. ज्या गाडीजवळ गोळा, तिनेच घाटात असायचे. गोळा नसताना कोणतेही इंजिन घाटात शिरायचे नाही. दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून कोणा शहाण्या माणसाने हा नियम केला होता, आणि तो उत्तम आहे. पुढे जे घडले त्यात नियमाचा दोष नाही असे चौकशीतही ठरले.

त्या दिवशी माथ्यावर क्लबचा मेळावा होता. गाडीत पाहुणे फार. शिवाय एक पियानो. एकोणिसाव्या वळणावर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी उभी राहिली. अशा वेळी गाडी तोडतात. पुढचा भाग वर नेऊन ठेवायचा आणि मग इंजिनाने परत येऊन मागचा भाग न्यायचा. पाण्याला घाई नसते, पाहुण्यांना असते. म्हणून वाघीण मागे ठेवायचे ठरले.

उस्मान ड्रायव्हर इंजिनावरून उतरून मागे आला. त्या इंजिनाला सगळे म्हातारी म्हणत.

"लखू, तासाभरात येतो. धरशील ना?"

"पंधरा वर्सं धरतोय. तू यायचं बघ. तुझी म्हातारी वर जाऊन बसली, तर मला हितंच चूल मांडावी लागंल."

"भिवरीला सांगू का चूल घेऊन ये म्हणून?"

"ती हाय खालीच. गाडी उभी दिसली की येतीच बघ भांडायला."

नियमाप्रमाणे गाडी तोडताना गोळा इंजिनावर द्यायचा. गार्डाच्या हातात गोळा होता. साखळी काढायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्याने गोळ्याची कडी क्षणभर लखूच्या बैठकीच्या आकड्याला अडकवली. साखळी निघाली. तेवढ्यात पहिल्या डब्यातून एका मडमेने उकाड्याबद्दल विचारणा केली. गार्ड तिकडे धावला आणि गाडी गेली.

लखू चाक धरून बसला. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

भोरमाथ्याच्या फलाटावर बँड वाजत होता. पाहुण्यांच्या गळ्यात हार पडत असताना गार्डाने गोळ्यासाठी खांदा चाचपला आणि त्याचा चेहरा पडला. तो वाहतूक साहेबाकडे गेला. या साहेबाचे नाव ट्रेवर्न होते, असे सांगतात. त्याच्या अमदानीत सात वर्षांत एकही नियम मोडलेला नव्हता आणि त्याबद्दल त्याला एक पदक मिळायचे होते. गोळ्याशिवाय गाडी घाट चढून आली असे लिहिले, तर पदक गेले. साहेबाने हेडक्लार्कला बोलावले. त्यांचे नाव दामोदर खांबेटे. नियमांचे पुस्तक त्यांना पाठ होते आणि ते कोणत्या पानावर उघडावे हेही कळत होते.

खांबेट्यांनी थोडा विचार करून सांगितले की, गोळ्याशिवाय गाडी येऊच शकत नाही. त्याअर्थी गाडी आलेली नाही. ती अजून घाटात आहे. गोळा येईल तेव्हा गाडी येईल. तोवर नियम मोडलेला नाही.

साहेबाला हे पटले. उस्मान म्हणाला, "ठीक आहे. मग मी इंजिन घेऊन खाली जातो."

"घाटात गाडी असताना दुसरं इंजिन सोडता येत नाही," खांबेटे म्हणाले.

"कुठली गाडी?"

"तुझीच."

"माझी गाडी ही काय समोर उभी आहे, खांबेटेसाहेब. वाफ बघा अजून निघतेय."

"कागदावर नाही."

"मग हे पाहुणे कुठून उतरले?"

"ते आपल्या खात्याकडे येत नाही," खांबेटे म्हणाले.

इकडे खाली लखूची बायको भिवरी खोपटातून वाघीण उभी पाहत होती. दुपार चढायला लागली तरी इंजिन येईना, तेव्हा ती अर्धा तुंबा पाणी घेऊन वर आली. घरात तेवढेच होते. वीस पावलांशी ती जरा थांबली आणि मग आत आली. वैशाखातल्या कड्याजवळ लोखंडाला हात लावून पाहिलेल्या माणसाला पुढचे वर्णन करायला नको. लखूच्या तळहातांची कातडी चाकाला चिकटली होती. तिने त्याला पाणी पाजले, उरलेले त्याच्या हातांवर ओतले आणि लुगड्याचा तुकडा फाडून डोक्यावर टाकला.

"चाकाखाली धोंडा लावती."

"गेल्या साली लावला व्हता. फुटाण्यासारखा उडाला. ही खाली गेली, तर कळमशेतच्या फाटकात बाया पाण्याला उभ्या हायती."

"मंग मी धरती जरा."

"तुला न्हाई पेलायची. आणि हातांची अदलाबदल करायची म्हणजे येक डाव सोडायला लागंल. खटका न्हाई हिला." त्याने मानेने आकड्याकडे खूण केली. "त्यो गोळा बघ. त्याच्याबिगर उस्मानला कोन सोडत न्हाई. त्यो घेऊन वर जा. उस्मानच्या हातात दे, दुसऱ्याच्या नगं."

"आणि तुला पानी?"

लखू पाठीमागच्या टाकीला डोके टेकवून म्हणाला, "आठशे गॅलन हाय की."

भिवरी कारवीच्या झुडपांतून पायवाटेने चढून गेली. ती फलाटावर पोचली तेव्हा तीन वाजले असावेत. उस्मान इंजिनाजवळच होता. तिने गोळा त्याच्यापुढे धरला आणि त्याने हात पुढे केला. पण गार्डाने आधी पाहिले आणि आरडाओरडा केला. साहेब आला, खांबेटे आले. एका ठाकरणीच्या हातात कंपनीचा गोळा, म्हणजे काय प्रकार आहे, असे साहेबाने विचारले.

खांबेट्यांनी नियम सांगितला. गोळा नोकराने नोकराच्या हाती द्यायचा आणि दोघांनी पावतीवर सही करायची. बाईच्या हातून आलेला गोळा हा आलेला गोळा नव्हे.

"हातात घेऊन बघा की," भिवरी म्हणाली. "जड लागतो का न्हाई."

"जड लागण्याचा प्रश्न नाही, बाई. तू चोरला नाहीस कशावरून?"

"चोरायचं असतं तर पानी चोरलं असतं. येवढं लोखंड घिऊन मी काय करू?"

हे उत्तर तिला भोवले, असे सांगतात. कारण पाणी हा शब्द ऐकताच साहेबाच्या ध्यानात आले की वाघीण एकटीच उभी आहे आणि बाई तिच्याजवळ जाऊन आली आहे. त्याने ताबडतोब हुकूम दिले. या रेल्वेच्या इतिहासात एवढ्या तातडीने हुकूम निघाल्याचे दुसरे उदाहरण नाही. अर्ध्या तासात दोन पहारेकरी काठ्या आणि स्वतःचे पाण्याचे मडके घेऊन खाली रवाना झाले. भिवरीला पार्सलच्या खोलीत कोंडण्यात आले. गोळा आहे त्या जागी परत पाठवावा आणि तेथून तो रीतसर वर आणावा, असे ठरले. शिपायाची जेवणाची वेळ झाली असल्याने हे काम दुसऱ्या दिवशी करायचे होते.

दार लागताना भिवरी म्हणाली, "मला कोंडा. पन इंजिन सोडा."

उस्मान ऐकणार नाही असे साहेबाला त्याच्या तोंडावरून दिसले असावे. त्याने म्हातारीची आग पाडायला लावली. निखारे रुळांमध्ये पडून काळे झाले. थंड इंजिनाला पुन्हा वाफ धरायला चार तास लागतात. उस्मानने शिट्टीची साखळी ओढून पाहिली, पण वाफेवाचून शिट्टीही वाजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई गोळा आणि दुहेरी पावती घेऊन हातसोडीला पोचला. तेव्हा त्या जागेला हे नाव नव्हते. लखू चाकावर छाती टेकून बसला होता. दोघे पहारेकरी कड्याच्या सावलीत होते. वाडीतली पाच-पंचवीस माणसे वीस पावलांवर उभी होती. त्यांपैकी एका म्हातारीने आपल्या लोट्यातले पाणी लांबूनच लखूच्या तोंडावर फेकायचा प्रयत्न चालवला होता. बहुतेक पाणी टाकीच्या पत्र्यावर पडे आणि वाळून जाई.

"नेम धर जरा, मावशे," लखू म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "पाखरं मारताना बरी धरतीस."

म्हातारीने पुन्हा फेकले. थोडे त्याच्या ओठांवर आले. पहारेकऱ्यांनी हे चालू दिले, कारण ती वीस पावलांच्या बाहेर होती.

शिपायाने गोळा लखूच्या गळ्यात अडकवला, म्हणजे तो त्याच्या ताब्यात पोचला. मग पावती पुढे केली.

"अंगठा दे. म्हणजे तुझ्याकडून घेतला असं होईल आणि मी वर जाईन."

"हात सोडता येत न्हाई. तू धर घटकाभर, मी अंगठा देतो."

"ब्रेकला हात लावणं माझ्या कामात नाही."

लखूने पहारेकऱ्यांकडे पाहिले. "तुमी?"

"आमी पाण्याचे," थोरला पहारेकरी म्हणाला. "ब्रेकचे न्हाई."

"मग घोटभर पानी द्या."

"सील तोडलं तर पोट जाईल आमचं."

"तुमच्या मडक्यातलं."

पहारेकऱ्याने मडक्यात डोकावून पाहिले. मग दुसऱ्याकडे पाहिले. "आमालाच दिस काढायचाय," तो म्हणाला.

काही जण सांगतात की शिपायाने जाताना लखूला चूळभर पाणी दिले. शिपायाच्या अहवालात तसा उल्लेख नाही. अहवालात एवढेच आहे म्हणे की, 'सदर कर्मचाऱ्याने गोळा स्वीकारला, परंतु दोन्ही हात गुंतले असल्याची सबब सांगून अंगठा देण्यास नकार दिला. सबब गोळा आणता आला नाही.' शिपाई कोरी पावती घेऊन परत गेला. गोळा लखूच्या गळ्यात राहिला. शिपायाने पावती खांबेट्यांपुढे ठेवली. खांबेट्यांनी त्यावर 'स्मरणपत्र द्यावे' असे लिहिले.

पार्सलच्या खोलीला एक जाळी होती. उस्मान जाळीपाशी येऊन उभा राही.  भिवरी दर वेळी एकच विचारी, "धूर निघाला का?" आणि तो दर वेळी नाही म्हणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या सेक्रेटरीची चिठ्ठी आली. स्नानाला पाणी नाही, घोडे तडफडत आहेत आणि संध्याकाळी सामन्याच्या मैदानावर धूळ उडेल. ही चिठ्ठी मिळताच साहेबाने म्हातारी पेटवायला सांगितली. वाफ धरायला जेवढा वेळ लागला तेवढाच काय तो लागला. गोळ्याचे काय, असे उस्मानने मुद्दाम विचारले.

"हे अत्यावश्यक आहे," खांबेटे म्हणाले.

भर दुपारी इंजिन वळणावर पोचले. वाडीतली माणसे अजून वीस पावलांवरच उभी होती. पहारेकरी सलाम करायला उठले. लखूचे कपाळ चाकावर टेकलेले होते. गळ्यातला गोळा गुडघ्यांच्या मध्ये लोंबत होता. त्याच्या पाठीशी टाकी काठोकाठ भरलेली होती आणि सील शाबूत होते. वाघीण जेथे सोडली होती तेथून बोटभरही सरकली नव्हती. तो मरून किती वेळ झाला होता हे कोणाला सांगता आले नाही, कारण शेवटचे काही तास तो जिवंत असल्यासारखाच दिसत होता.

इंजिन जोडले, साखळी लावली. पण चाक सुटेना. लखूच्या बोटांचा विळखा दोघा-तिघांना उघडता आला नाही. क्लबचे पाणी खोळंबले होते. गार्ड म्हणाला, फिटरची करवत आणा. करवत आली. फिटरने ती लखूच्या उजव्या अंगठ्याशी लावली, म्हणजे ज्या अंगठ्याची पावती राहिली होती त्याच अंगठ्याशी.

उस्मान इंजिनावरून ओरडला, "थांब. तो हुकमाचा माणूस आहे. त्याला कोणी सोडायला सांगितलंय का?"

त्याने साखळी ओढली. तीन आखूड शिट्ट्या दिल्या.

आणि असे सांगतात की, तिसरी शिट्टी कड्यावर आदळून परत येते न येते तोच लखूचे दोन्ही हात आपोआप उघडले. तळवे वर झाले आणि तो बैठकीवरून खाली घसरला. फिटरच्या हातून करवत दरीत पडली. वाडीतली माणसे तेव्हा कोठे वीस पावले ओलांडून पुढे आली, आणि त्यांना कोणी अडवले नाही.

पाणी वर गेले. निम्मे मैदानावर शिंपडले. सामना छान झाला.

भिवरीला समज देऊन सोडण्यात आले. ती खाली पोचली तेव्हा लखूला रुळाकडेला ठेवले होते.

चौकशी रीतसर झाली. लखू आगिवले याच्यावर तीन ठपके आले. गोळा स्वतःजवळ ठेवला. तो परक्या इसमाच्या हाती दिला. आणि बदली ब्रेकवाला हजर नसताना, त्याच्याकडे काम न सोपवता, ब्रेकवरचे हात काढले. तिसरा ठपका गंभीर होता. कर्मचारी उपलब्ध नसल्यामुळे शिक्षा राखून ठेवण्यात आली. ट्रेवर्न साहेबाला पदक मिळाले.

चौथ्या दिवसापासून गाडी एकोणिसाव्या वळणावर अडायला लागली. सगळे ब्रेक सैल, रूळ कोरडे, वाफ भरपूर, आणि तरी कोणी मागून धरल्यासारखे डबे जड होत. साहेबाने रूळ मोजून घेतले, चाके बदलली. रुळांच्या ठेकेदाराने गुपचूप बोकड कापला, तोही वाया गेला. मग एक दिवस उस्मानने तेथे तीन आखूड शिट्ट्या दिल्या. गाडी ताबडतोब हलकी झाली. पण तेवढ्या खेपेपुरतीच. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. शिट्टीने हात सुटत होते. ड्यूटी सुटत नव्हती.

हे भिवरीच्या कानावर गेले तेव्हा ती पुन्हा माथ्यावर गेली. या वेळी ती थेट खांबेट्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"अर्ज लिवायचाय."

"कसला? नवऱ्याच्या जागेचा? चौकशीत ठपके आलेत त्याच्यावर, काही मिळायचं नाही."

"काय नगं. त्याला सोडा म्हनून लिवा."

खांबेट्यांनी टाक खाली ठेवला. "बाई, तो मेला ना?"

"मेला आसता तर गाडी कोन धरतंय?"

यावर खांबेट्यांना नियम आठवला नाही. त्यांनी कागद घेतला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात तिचा अर्ज लिहून दिला : माझा नवरा लखू आगिवले, ब्रेकवाला, यास कामावरून मोकळे करण्यात यावे. खाली भिवरीचा अंगठा घेतला. मग वर तारीख टाकली, आवक क्रमांक दिला आणि तिला समजावून सांगितले की, नोकराला मोकळे करायचे तर त्याने दुसऱ्या नोकराकडे काम सोपवल्याचा कागद लागतो. त्यावर दोघांच्या सह्या लागतात.

"दुसरा मी हाय. मी बसती ब्रेकवर."

"बायकांना घेत नाहीत."

"मंग त्याचा अंगठा तुमी आना जाऊन. तो कुठं बसलाय ते तुमाला ठाऊक हाय."

खांबेट्यांनी अर्जावर 'संबंधिताचा अंगठा प्राप्त झाल्यावर विचार व्हावा' असा शेरा मारला. असे सांगतात की त्यानंतर ते स्वतः कधी गाडीने उतरले नाहीत. निवृत्त झाले त्या दिवशीसुद्धा छत्री घेऊन पायवाटेने गेले.

भिवरी दर वैशाखात येऊन अर्जाचे काय झाले असे विचारी. साहेब बदलले, हेडक्लार्क बदलले, राज्य बदलले. दर नव्या माणसाला ती पहिल्यापासून सांगे आणि दर नवा माणूस मागचा शेरा वाचून पुढे 'पाहिले' असे लिही. अशी एकतीस वर्षे ती आली. बत्तिसाव्या वर्षी आली नाही. आत्महत्या वगैरे काही नाही. म्हातारी झाली होती, खोपटातच गेली. गाडी पुढेही अडतच राहिली, तेव्हा दोघांची भेट झालेली नाही एवढे घाटात सगळ्यांना समजले.

आजही एकोणिसाव्या वळणावर गाडी थांबते. आता बहुतेक खेपांना डिझेल इंजिन असते आणि डब्यांना हवेचे ब्रेक बसले आहेत, ब्रेकवाले मात्र नियमाप्रमाणे कायम आहेत. तरीही तीन शिट्ट्यांवाचून गाडी हलत नाही असे ड्रायव्हर सांगतात. न वाजवून पाहायची कोणाची तयारी नाही. ब्रेकवाल्यांत एक रीतही पडली आहे. नवा माणूस कामावर लागला की त्याला पहिल्या खेपेस मागच्या बैठकीवर बसवतात, वळणावर चाक घट्ट धरायला सांगतात आणि ड्रायव्हर मुद्दाम शिट्टी देत नाही. बाकीचे सावलीत बसून बिडी ओढतात आणि "पाणी हवं का?" असे विचारतात. पाणी देत नाहीत. गेल्या वैशाखात एकाला पाऊण तास धरायला लावले. तो घेरी येऊन पडला, तेव्हा सगळे फार हसले. दुसऱ्या दिवसापासून तोही त्यांच्यातला झाला.

रेल्वेला वारशाचा दर्जा मिळाल्यावर भोरमाथ्याच्या जुन्या पार्सल खोलीत संग्रहालय उघडले. जुन्या दप्तरांत भिवरीचा अर्ज सापडला. तो आता काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी आहे : 'स्थानिक स्त्रीचा अर्ज. शाई काळी. हस्ताक्षर सुरेख.' वाडीतल्या काही मंडळींनी दोन वर्षांपूर्वी येऊन विचारले की, आता कायदे बदललेत, बायकाही ब्रेकवर बसतात, तर हा अर्ज निकाली काढता येईल का. कार्यालयाने सहानुभूतीपूर्वक तपासून कळवले की, निकाली काढण्यासाठी मूळ अर्ज शेऱ्यानिशी वरच्या कार्यालयात पाठवावा लागतो. वारसा वस्तू पेटीबाहेर काढण्यास मनाई आहे. मनाई उठवण्याबाबत वेगळा अर्ज करावा. मंडळींनी तो केला. त्यास आवक क्रमांक मिळाला आहे.

दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.